सुनंदाची गाडी आणि माझी धूपारती

माझी फजिती ऐकायची आहे ना? मग हातातला चहा आधी संपवा, नंतर ठसका लागेल.

बातमी आली तो दिवस अगदी रोजच्यासारखा होता. अंघोळ करून मी पार्किंगमध्ये उतरलो, सुनंदाची छोटी डिझेल गाडी चालू केली आणि कप घेऊन शेजारी उभा राहिलो. सुनंदा म्हणजे माझी बायको. ती गेल्यापासूनचा हा माझा नेम. गाडी कुठं न्यायची नाही, चहा संपेपर्यंत नुसती जागेवर चालू ठेवायची. काच पुसायची. डॅशबोर्डवरच्या गणपतीला उदबत्ती ओवाळायची. बॅटरी उतरू नये म्हणून, असं मी लोकांना सांगायचो. लोकही काय! "गाडी जपावी तर सरांनी!" म्हणायचे आणि नाकाला रुमाल लावून पळायचे.

तेवढ्यात गगनबावड्याहून अक्कांचा फोन. अक्का म्हणजे सुनंदाची थोरली बहीण.

"दाजी, नातीचं बारसं रविवारी हाय. नाव ठरलंय. सुनंदा."

मी काच पुसत राहिलो.

"ऐकतासा न्हवं? तुमी आल्याबिगार नाव ठेवायचं न्हाय. आनि तिच्याच गाडीनं या."

"येतो," म्हणालो.

डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा कित्येक दिवस जळत होता. मला वाटायचं, गाडी चालू असल्याची खूण असेल. हसा, हसा!

रविवारआधी एक फेरी मारून बघावी म्हणून गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच चढाला ती खोकायला लागली. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं.

"ईजीआर व्हॉल्व्ह गेलाय. जळका धूर थोडा परत इंजिनात फिरवायचा, म्हंजे बाहेर घाण कमी जाती, त्येचं ह्ये काम. काजळीनं जाम झालाय. नवाच घालाय लागतोय, मंगळवारी येईल. गाडी पळवत न्हाय व्हय तुमी?"

"रोज चालू करतो!" मी ताठ मानेनं सांगितलं.

तो माझ्याकडं बघतच राहिला. मला ते कौतुक वाटलं.

मंगळवार! आणि बारसं रविवारी. इथं आमचे साडू, सुनंदाच्या धाकट्या बहिणीचे यजमान बाबूराव उगवले. त्यांचं शिरोली एमआयडीसीत वर्कशॉप आहे. कोल्हापूरच्या माणसाला पार्ट विकत आणा म्हणणं म्हणजे त्याच्या घराण्याचा अपमान!

"मंगळवारपतोर थांबतासा? ओ पावणं, आख्ख्या देशाचं पार्ट शिरोलीत हुत्यात!"

"मग हा व्हॉल्व्ह कराल?"

"करायचा कशाला? त्यो पायजेच कशाला? धूर बाहेर टाकायचा सोडून परत आत घ्यायचा! उष्टं परत पानात वाढल्यागत!"

मला पटलं. एम.ए. झालेल्या माणसाला उपमा चांगली असली की काहीही पटतं.

बाबूरावांनी जाड पोलादी पट्टी कापली, घासली आणि धुराची वाट कायमची बंद करून टाकली. काम इतकं सुबक की गळ्यात घालून मिरवावं!

रविवारी निघालो. बाबूराव शेजारी बसून स्वतःचीच तारीफ करत होते. साळवण सोडलं, चढ लागला आणि गाडीचा जीवच गेला. आपली वाट कुणीतरी बुजवली आहे, हे गाडीतल्या कॉम्प्युटरला कळलं आणि त्यानं सगळा जोर काढून घेतला. उसाचा ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला. मग दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल आली. दूधवाला जाता जाता ओरडला,

"पावणं, उतरून चालत जावा, लौकर पोचशिला!"

"डिझेल भेसळीचं हाय," बाबूराव म्हणाले.

"आणि पट्टी?"

"पट्टी एक नंबर हाय!"

अक्कांचे फोनवर फोन. "आलोच, आलोच."

पोचलो तेव्हा घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. पोरगी पाळण्यात झोपली होती.

"लई वाट बघितली, दाजी. आत्याबाईंची एस्टी होती, नाव ठिवून घेतलं." अक्कांची नजर गाडीवर गेली. "सुनी बोलता बोलता इथवर यायची हिच्यातनं. बक्कळ पळवायची. हिला कंदी काय झालं न्हाय. तुमी काय केलासा?"

"काही नाही. रोज चहा संपेपर्यंत चालू ठेवत होतो. जागेवर."

"जाग्यावर? चूल पेटवायची आनि वर भांडंच ठेवायचं न्हाय? मग काजळी धरंल न्हाय तर काय!"

बाबूराव इतके हसले की घुगऱ्या घशात अडकल्या. म्हणजे बघा, जो व्हॉल्व्ह तिच्या हाताखाली एकदाही अडला नाही, तो मी रोज उदबत्ती ओवाळून मारला!

मंगळवारी नवा व्हॉल्व्ह बसला. बाबूरावांची पट्टी माझ्या टेबलावर कागद दाबून बसली आहे. गाडी आता पळते, गगनबावड्याच्या फेऱ्याही होतात. पोरगी मला ओळखते, मिशी ओढते. घरातले सगळे तिला नावानं हाक मारतात.

मी अजून मारलेली नाही.