पत्रिकेतली मोकळी जागा

मार्चचा दुसरा रविवार, सकाळचे अकरा. हजर: मी, माझा नवरा, मुलगी ऋचा आणि माझा मावसभाऊ हेमंतदादा. विषय एकच, ऋचाच्या लग्नाची पत्रिका. मी त्रेचाळीस नावांची यादी दादापुढे ठेवली. निमंत्रक, व्यवस्थापक, आजोळकडचे, सगळे मानाच्या क्रमाने. त्याने ती शेवटपर्यंत वाचली आणि चष्मा काढून म्हणाला, "माधुरी, तू पण?" मी म्हटलं, "दादा, लग्न माझ्या घरी आहे, तुझ्या दुकानात नाही." तो हसला. स्वतः आणलेला नमुना टेबलावर ठेवून गेला. गुरुवारी वहिनीचा फोन आला... दादा झोपेतच गेला.

दादाचं मल्हारगंजात लग्नपत्रिकांचं दुकान. मांडणी तो करायचा, छपाई शेजारच्या छापखान्यात. दोन वर्षांपूर्वी शहरात ग्राफिक डिझाइनची परिषद भरली, तेव्हा त्याने दोन पास काढले आणि मला सोबत नेलं, कारण काय, तर "तू नीट लिहून घेतेस." कॉलेजच्या ऑफिसात माझं तेच काम. सभागृहात आमच्या वयाचं कोणी नव्हतं. दादाला त्याचं काही नाही. गळ्यातल्या ओळखपत्राचा कागद बोटांनी चोळून बघ, चहाच्या टेबलाशी पोरांना थांबवून "भिया, हे अक्षर कुठून आणलं?" विचार... माझ्या वहीत दोन दिवसांचे एकतीस मुद्दे आहेत. त्याने एकच लिहिला. एका तरुण वक्तीने पोस्टर दाखवलं, जवळजवळ सगळा कागद कोरा, खाली एक ओळ. दादाने हात वर केला. "मॅडम, एवढी जागा सोडायला गिऱ्हाईक तयार कसं होतं? आमच्याकडे मोकळी जागा दिसली की तिथे एक काका येऊन बसतो." सभागृह हसलं, तीही हसली. मग म्हणाली, "मी जागेबद्दल बोलतच नाही, सर. एवढंच विचारते, हा कागद हातात घेणाऱ्याला सगळ्यात आधी काय कळायला हवं?"

सोमवारपासून दादाने हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायला सुरुवात केली. तारीख, मुलामुलीचं नाव, हॉल, अशी उत्तरं येतील असं त्याला वाटलं होतं. एक कापडवाले म्हणाले, "सबसे पहले ये पता चले भिया, कि फूफाजी से हमारी बोलचाल फिर शुरू हो गई है." दादाने तिथूनच मला फोन लावला. "अगं, मला वाटायचं लोकांना डिझाइन कळत नाही. ते तर पत्रिकेत नाव घालून भांडणं मिटवतात!" तेव्हापासून तो नावं मन लावून बसवायचा. तरी एक पत्रिका त्याला करायचीच होती: दोन नावं, दिवस, जागा, बाकी कोरं. दोन घरं तयार झाली, आणि छपाईच्या आदल्या दिवशी दोन्हींकडून यादी आली. "आता एकच गिऱ्हाईक उरलं," तो म्हणायचा, "खजराना गणपती. पहिली पत्रिका त्याच्या देवळात जाते, आणि त्याला सगळे नातेवाईक आधीच माहीत." खरं तर त्या पत्रिकेसाठी त्याने आमचं घर धरलं होतं. "तू पण?" चा अर्थ मला तेराव्यानंतर लागला, त्याचा तो जवळजवळ कोरा नमुना पहिल्यांदा नीट हातात घेतला तेव्हा.

मी यादी घेऊन फोनपाशी बसले. आठवडाभरात त्रेचाळीस जणांना स्वतः सांगितलं, पत्रिकेत नाव नसेल, आमंत्रण हेच समजा. महूच्या काकांनी एवढंच विचारलं, "जेवण तरी आहे ना?" दोघी रुसल्या, एकीची समजूत पटली. पत्रिका दादाला हवी तशी झाली. शेवटचं तपासायला घेतली, तर वाटलं, हे कोणी केलं ते कळायला नको? खालच्या कोऱ्या भागात पेन्सिलीने लिहिलं, आशीर्वाद: कै. हेमंतमामा. लगेच खोडलं. संध्याकाळी पुन्हा लिहिलं. ऋचा म्हणाली, "राहू दे ना आई." "तो चिडला असता." "चिडू दे."

छापखान्यातून तीनदा फोन आला. सगळं तयार आहे, फक्त माझा होकार बाकी आहे. नमुना टेबलावर आहे, शेजारी पेन्सिल आणि खोडरबर.