रेषेबाहेरचा ठिपका

शारजातल्या ऑफिसात मी डोंगरातून येणाऱ्या काळ्या दगडांचे आलेख काढायचो. आडव्या रेघेवर सिलिका, उभ्या रेघेवर मॅग्नेशियम. जमिनीखाली शिलारस थंड होत जातो तसं त्यातलं मॅग्नेशियम घटतं, सिलिका वाढते. म्हणून एकाच रसातून झालेले दगड कागदावर उतरत्या ओळीत बसतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. आलेखाच्या कोपऱ्यात तुझं नाव छापू, असं साहेब म्हणाले, तेव्हा मी लगेच रत्नागिरीला अब्बांना पत्र टाकलं.

मी पेन्सिलीनं ठिपके द्यायचो, शाईची पक्की प्रत भाई काढायचे. भाई आमच्या गावचे. मला इथं आणलं त्यांनीच. आम्ही एका ताटात जेवायचो.

एक ठिपका ओळीच्या पार वर गेला. भिंगातून दगड पाहिला, तर ऑलिव्हिन या मॅग्नेशियमवाल्या खनिजाचे हिरवट दाणे गच्च साचलेले. मॅग्नेशियम जास्त भरणारच.

"हा कुठं चाललाय, अस्मानात?" भाई हसले.

"दगडच तसा आहे, भाई."

"बरं बाबा, ग्रॅज्युएट. राहू दे."

आठवड्यानं साहेबांनी पक्की प्रत आकड्यांच्या तक्त्याशी ताडून पाहिली. तो ठिपका ओळीवर शहाण्यासारखा बसलेला.

"हे कुणी केलं?"

"पोरगा नवा आहे, सर. चुकला," भाई म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी खणातून माझा कागद काढला. त्यावरचाही ठिपका खोडून खाली आणलेला! पण ठिपका देण्याआधी मी टाचणी टोचायचो. कागद खिडकीशी धरला. वरचं भोक स्वच्छ दिसलं.

साहेबांनी पाहिलं. "तुमची भांडणं मला नकोत. नीट काढा परत. नाव कुणाचंच नको."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "भाई, का?"

"साहेबाला सरळ ओळ आवडते. आणि तुझ्याकडे डिग्री आहे, तुला कुणीही घेईल. मला काढलं तर?"

मला राग आला. तो अजून आहे.

अब्बांना वाचता येत नसे. माझी पत्रं गावात भाईंचाच धाकटा भाऊ त्यांना वाचून दाखवायचा. नाव छापलं नाही, एवढंच लिहिलं. खाली लिहिलं, भाई सांभाळून घेतात.