पान लागलं

शिराळ्याकडच्या आमच्या भागात श्रावणात सापाला साप म्हणत नाहीत. नाव घेतलं की येतो, अशी समजूत. जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात, आणि चावलाच तर ‘पान लागलं’ म्हणतात. मी उसाच्या रानात वाढले. हे कुणाला शिकवावं लागतं, असं कधी डोक्यातच आलं नाही.

मी गावातल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. मेडिकल कॉलेजची पोरं इंटर्नशिपमधले काही दिवस आमच्याकडे काढतात. गाव समजून घ्यायला, असं कागदावर असतं. त्या साली आलेली मुलगी मुंबईची. मराठी घरातली, हुशार, पेशंटशी गोड बोलणारी. तिला भाषेची अडचण येईल असं कुणाला वाटणार?

नागपंचमी तोंडावर आली होती. सकाळी मी तालुक्याला मीटिंगला गेले, दुपारी परतले. हवा कुंद, उसाचं पान हलत नव्हतं. तिनं चहा पुढं केला आणि सकाळचे पेशंट सांगायला लागली.

“एक आजी सुनेला घेऊन आल्या होत्या. सुनेच्या पोटात दुखत होतं, मळमळत होतं. आजी म्हणाल्या, पान लागलंय. मी विचारलं, तंबाखूचं होतं का? त्या नुसत्या बघत राहिल्या.”

मी कप खाली ठेवला. “सुनेचे डोळे कसे होते?”

“झोपाळलेले. पहाटेपासून जागीच होती म्हणे. मी गोळी दिली आणि सांगितलं, घरी नेऊन शांत झोपू द्या.”

मण्यार डसली तर रक्त नाही, सूज नाही. जमिनीवर निजलेल्या माणसाला कळतही नाही. आधी पोट दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात, आणि मग श्वास थांबतो. मला त्या पोरीचा राग आला, आजीचा आला, त्या मेल्या शब्दाचाही आला. “सापाची इंजेक्शनं घे, श्वास द्यायची पिशवी घे, गाडीत बस,” एवढंच बोलले. साप म्हटल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला.

रजिस्टरात लिहिलेल्या वस्तीचा रस्ता दोन्हीकडून उसानं दाबलेला, वळणापुढचं दिसत नाही. पोरगी एकदाच म्हणाली, “मॅडम, ती वाचेल ना?” मी ड्रायव्हरला म्हटलं, “अजून दामट.”

वस्तीवर सामसूम होती. आजी उंबऱ्यात घेवडा निवडत बसलेली. आम्हाला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला, आवं. आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा. तुमच्या बाईनंच सांगितलं न्हवं, निजू द्या म्हून?”

आत सतरंजीवर सून पडली होती. ओठ निळसर. छाती हलते का, ते हात ठेवून बघावं लागलं. हलत होती, जेमतेम.

सुई लावून औषध सुरू केलं आणि तिला गाडीत घातलं. कराड येईपर्यंत त्या पोरीनं पिशवी दाबली. मी हात बदलायला गेले तर देईना. “श्वास घ्या, ताई, श्वास घ्या,” एवढंच चाललं होतं तिचं.

कराडला मशीनवर राहून सून वाचली. “काळ आला हुता, पर वेळ आली न्हवती,” आजी म्हणाली. मला ते ऐकवेना. वेळ आली होती. आम्हीच तिला घरात निजवून वर दार लोटायला सांगितलं होतं.

बरी झाल्यावर सून दवाखान्यात आली. आवाज अजून बसका होता. पोरगी तिच्यापुढं मान खाली घालून उभी राहिली.

“मला समदं ऐकू येत हुतं, बाई,” सून म्हणाली. “डोळं तेवढं उघडंनात, जीभ हलंना. शेजारीण आली, तर आत्याबाई म्हनल्या, हळू बोल, निजलीया. ती म्हनली, लय गाढ झोप लागली गं. माझं पोरगं हाक मारत आलं, त्यालाबी भाईर न्हेलं.”

पोरगी रडायला लागली. सुनेनं तिचा हात धरला.

“तुमी गाडीत श्वास घ्या म्हनत हुता, तेबी ऐकलं मी. आवं, मी काय घेत न्हवते व्हय? आता मी निजले, की आत्याबाई सारख्या हलवून उठवत्यात. आन् त्यांनी उठवलं न्हाई, तर मला झोपच लागत न्हाई.”