बारामती ते इंदापूर, इंग्रजीतून

नव्वदच्या दशकात मी बारामतीत इंग्रजी बोलायला शिकवायचे. वर्गातल्यांना व्याकरण बऱ्यापैकी यायचं, पण बोलायची वेळ आली की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघून हसत सुटायचे. जवळच्या माळेगावहून येणारी एक सून तर हसायचीही नाही. खाली मान घालून बसायची. तिची मुलगी इंग्रजी शाळेत होती. पालकसभेत हिला काही विचारता येत नव्हतं, म्हणून ती आली होती.

माझी कॉलेजातली मैत्रीण इंदापूरला असेच वर्ग घ्यायची. एकदा मनात आलं, यांना फोनवर बोलायला लावलं तर? समोर तोंडच दिसणार नाही, मग लाजायचं कुणाला! मैत्रिणीला कल्पना एकदम पटली.

ठरलेल्या रविवारी सकाळी अख्खा वर्ग घेऊन मी स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर गेले. इंदापूरचा फोन लागला आणि मी रिसीव्हर त्या सुनेच्या हातात दिला.

"बाई, मला न्हाय जमायचं."

"नुसतं ऐक तरी."

पलीकडं एक आबा होते, परदेशातल्या नातवंडांशी बोलता यावं म्हणून साठीनंतर इंग्रजी शिकणारे. आवाज असा खणखणीत, की बाहेर आम्हालाही ऐकू यावा.

"हॅलो! हू इज स्पीकिंग?"

तिनं रिसीव्हर कानापासून लांब धरला.

"स्पीक, स्पीक! आय ॲम आल्सो अफ्रेड!"

ती खुदकन हसली. "व्हाय यू अफ्रेड?"

"माय टीचर इज स्टँडिंग हिअर!"

"माय टीचर आल्सो!"

आणि मग बांध फुटावा तशी ती बोलायला लागली. मुलीचं नाव, घरच्या म्हशी, कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या गाड्या. क्रियापदं कुठल्या कुठं पडत होती, पण आबांना सगळं समजत होतं. काचेला नाक लावून उभा असलेला वर्ग टाळ्या पिटायला लागला. मी तर जागच्या जागी उड्याच मारल्या. फोन ठेवून ती बाहेर आली, चेहरा लालेलाल.

"बाई, त्यास्नी कळलं की वं!"

पुढं दर रविवारी फोनसाठी वर्गात भांडणं व्हायला लागली. महिनाभरानं पालकसभा झाली. दुसऱ्या दिवशी ती वर्गात पळतच शिरली.

"बाई, मी इंग्रजीत इचारलं!"

"मग? काय म्हणाल्या शाळेतल्या मॅडम?"

"त्यांनी मराठीत उत्तर दिलं!"