१९७० सालात अडकलेला रेडिओ

"हा तिसरा बॉक्स आहे, मॅडम. तुम्हीपण बदलूनच जाणार का?"

झरीजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात सुमन सिस्टरांनी मला विचारलं. माझ्या बॅगेत चौथा बॉक्स होता.

बॉक्स म्हणजे छतावरच्या अँटेनाला जोडलेला रेडिओ. त्याच्यावरून सिस्टर डहाणूच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलतात. आत छोटासा कम्प्युटर असतो, त्यावर लिनक्स चालतं. त्यावरचं लिंक जोडणारं सॉफ्टवेअर मी लिहिलेलं. ऑफिसात ते महिनोन् महिने बिनतक्रार चालायचं.

"नक्की कधी बंद पडतो?"

"लाइट जास्त वेळ गेली की. थोडा वेळ इन्व्हर्टर सांभाळतो. मग लाइट येते, बॉक्सचे दिवे लागतात, पण डॉक्टर लागत नाहीत. फोनवर दोनदा सांगितलंय हे."

आमच्या तक्रारीत फक्त 'लिंक डाऊन' एवढंच लिहिलेलं होतं.

सोमवारीही तेच झालं होतं. आठव्या महिन्याची बाई, बीपी चढलेलं. सिस्टरांनी तिला जीपमध्ये घातलं आणि शेजारी बसून डहाणूला नेलं.

"ती बरी आहे आता. पण निघण्याआधी मला विचारायला कोणी नव्हतं," त्या म्हणाल्या.

मी बॉक्सची वीज काढली, परत दिली आणि लॅपटॉपवर तारीख बघितली. एक जानेवारी १९७०.

या बॉक्सच्या घड्याळाला सेल नाही. वीज गेली की घड्याळ शून्यावर, म्हणजे कम्प्युटर जिथून वेळ मोजायला सुरुवात करतो त्या १९७० सालात जातं. खरी वेळ नेटवर्कवरून मिळते. पण नेटवर्कला जोडण्याआधी माझा प्रोग्रॅम समोरच्या कम्प्युटरचं सर्टिफिकेट, म्हणजे ठरावीक मुदतीचं ओळखपत्र, तपासतो, आणि १९७० च्या हिशोबाने ते अजून सुरूच झालेलं नसतं. म्हणून तो नकार देतो. नवा बॉक्स बसवताना टेक्निशियन लॅपटॉपवरून वेळ लावायचा, त्यामुळे पुढची लाइट जाईपर्यंत सगळं सुरळीत.

ऑफिसातून आमच्या सरांचा फोन आला. "बदललास? मग नीघ, तलासरीची साइट राहिलीय."

"सर, बॉक्स चांगला आहे. चूक माझ्या कोडमध्ये आहे."

"किती वेळ लागेल?"

"दोन तास."

"कर. तलासरीला मी कळवतो."

बॉक्सने दर दहा मिनिटांनी वेळ कायमच्या मेमरीत लिहून ठेवायची आणि सुरू होताना तिथून पुढे मोजायचं, एवढाच बदल केला. ती वेळ थोडी मागे असली तरी सर्टिफिकेट चालतं, आणि एकदा जोडलं की खरी वेळ मिळते. मग सिस्टरांनी स्वतः बॉक्सचा स्विच बंद केला, चालू केला. डॉक्टर दिसले. त्यांनी परत बंद केला. असं चारदा. मी अडवलं नाही.

आमची टेस्टिंग लॅब यूपीएसवर चालायची. तिथे लाइट कधी जातच नसे, आणि याचा आम्हाला अभिमान होता.