दोन नंबरच्या कोर्टाचा दरवाजा

जुन्या कोर्टात दोन नंबरच्या दालनाबाहेर एक शिपाई एकतीस वर्षं उभा होता. नावं पुकारणं हे त्याचं काम. आतून कारकुनानं खूण केली की व्हरांड्याकडे तोंड करून तो तीनदा हाक द्यायचा आणि ती थेट फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचायची. लोकांनी त्याचं खरं नाव केव्हाच गुंडाळून ठेवलं आणि त्याला पुकारेकाका करून टाकलं. निवृत्तीनंतरही कुणीतरी चेष्टा करायचं, "काका, जरा हळू. पलीकडच्या गल्लीतले आरोपी हजर व्हायचे." काकाही हसायचे. घरात मात्र ते कुजबुजल्यासारखं बोलत, आणि त्याला कारण होतं.

काकांचे थोरले भाऊ बस चालवायचे. एकदा घाटाच्या उतारावर ब्रेक लागले नाहीत. बस कठड्यावर आदळून उलटली आणि पाच माणसं गेली. ब्रेक धरत नाहीत, असं दादांनी आठवडाभर आधी डेपोच्या वहीत लिहून ठेवलं होतं. पण खटल्याच्या वेळी ते पान कुणाला सापडेना. आणि खटला लागला नेमका दोन नंबरमध्ये.

कारकून भला माणूस होता. म्हणाला, "तारखेला तू रजा टाक. दुसऱ्या कुणाला तरी उभं करतो."

पहिल्या तारखेच्या सकाळी फाटकाशी थांबून काकांनी दादांना हे सांगितलं.  दादा म्हणाले, "नको. तूच हाक मार. परक्याच्या तोंडून नाव ऐकलं तर माझे पाय आत जायचे नाहीत."

दोघांचं हे बोलणं तिसऱ्या कुणी ऐकलं नाही. वहिनी पुढं चालत होत्या.

अशा चौदा तारखा झाल्या. दोघे भाऊ एका ताटात जेवलेले, एकाच घरातून निघायचे, पायऱ्यांपर्यंत बरोबर यायचे. मग काका छातीवर पट्टा चढवायचे आणि अकराच्या सुमाराला त्या भरदार आवाजात दादांचं नाव, वडिलांच्या नावासकट, म्हणजे स्वतःच्याच वडिलांच्या नावासकट, तीनदा पुकारायचे. व्हरांड्यातल्या फरशीवर बसलेल्या वहिनी मान खाली घालायच्या. शेवटच्या तारखेला दोन वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या वर्षी दादा तुरुंगातच हृदयविकारानं गेले.

दादांचं दिवसकार्य झाल्यावर वहिनी एकदाच बोलल्या. "सख्ख्या भावाला ओरडून पिंजऱ्यात घातलंत, भावजी. निदान आवाज तरी खाली ठेवायचात."

काकांच्या ओठांवर उत्तर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. आपली मान सोडवण्यासाठी मेलेल्या माणसाचे शब्द पुढं करायचे, हे त्यांना पटेना. त्यानंतर बावीस वर्षं दोघं एका छपराखाली राहिले. काकांनी लग्न केलं नव्हतं. वहिनी वेळेवर वाढत, आजारपणात उशाशी बसत, पण बोलणं कामापुरतं. आणि त्या इमारतीसमोरून जायचं टाळण्यासाठी त्या बाजाराला लांबच्या रस्त्यानं वळसा घालून जात.

पुढं कोर्ट नव्या जागेत गेलं. जुनी इमारत पारव्यांच्या ताब्यात गेली. मग कधीतरी सरकारला जाग आली आणि दोन वर्षं खपून तिची दुरुस्ती झाली. कुजलेल्या तुळया बदलल्या, भिंतींना पुन्हा चुन्याचा गिलावा झाला, दगडी कमानी घासूनपुसून लख्ख केल्या. इमारत देखणी झाली, पण तिचं करायचं काय, यावर एकमत होईना. कुणाला हॉटेल हवं होतं. कुणी म्हणत होतं, संग्रहालय करा, आत न्यायाधीशाचा आणि आरोपीचा पुतळा बसवा.

दुरुस्तीचं काम बघणारी वास्तुविशारद मुलगी एक दिवस काकांच्या दारात आली. "काका, नकाशात खोल्या दिसतात. त्यात माणसं कुठं बसायची ते तुम्हीच सांगू शकाल."

काका तिच्याबरोबर गेले. न्यायाधीशांच्या खोलीत त्यांनी नुसतं डोकावून पाहिलं. व्हरांड्यातून मात्र ते पाऊलभरही हलले नाहीत.

"इथं बाया बसायच्या. सकाळी दहापासून पाचपर्यंत, फरशीवर. जिन्याखालच्या अंधारात लेकरांना पाजायच्या. पाण्याचा नळ नव्हता, संडास फक्त साहेबलोकांना. नाव पुकारलं जाईल म्हणून कुणी जागचं उठायचं नाही."

तिनं ते सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, "सभेत हे बोलाल?"

सभेला तुडुंब गर्दी होती. काकांना माइक दिला तेव्हा मागून हशा आला, की यांना माइक कशाला. काका बोलले ते मोजकंच. "इथं आपणहून कुणी येत नव्हतं. बोलावणं आलं की यावंच लागायचं. आता आपणहून यावंसं वाटेल असं काहीतरी करा. आणि जे काय कराल, आधी व्हरांड्यात बाकडी, पाणी आणि बायकांसाठी संडास करा." 

पाच-सहा महिन्यांनी निर्णय झाला. दोन नंबरमध्ये वाचनालय, दप्तरखान्यात अर्ज लिहून देण्याची आणि फुकट कायदेशीर सल्ल्याची जागा, मागच्या खोल्यांत म्हाताऱ्यांसाठी बैठक. आरोपीच्या पिंजऱ्यावरून मात्र काकांचं आणि त्या मुलीचं वाजलं.

"तो काढा," काका म्हणाले.

"काढला तर इथं काय झालं ते पुढच्यांना कळणारच नाही, काका."

"न कळलं तर काय बिघडलं?"

ती ऐकेना. शेवटी पिंजरा जागेवरच राहिला, फक्त त्याचं दार काढलं. काकांना ते आवडलं नाही, अजूनही आवडत नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी वहिनी डाळ निवडत बसल्या होत्या. काका समोर येऊन बसले आणि पहिल्या तारखेच्या सकाळी फाटकाशी काय बोलणं झालं ते त्यांनी सांगून टाकलं. दादांचे शब्द जसेच्या तसे.

वहिनींचे हात थांबले. "इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला वाटलं असतं, मी स्वतःला वाचवतोय."

"वाटलं असतंच," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा डाळ निवडू लागल्या.

उद्घाटनाला त्या गेल्या नाहीत. आठवड्यानं सकाळी इस्त्रीचं लुगडं नेसून तयार झाल्या आणि म्हणाल्या, "चला." पायऱ्यांवर त्यांनी काकांचा दंड धरला. दोन नंबरच्या दाराशी थांबून विचारलं, "तुम्ही कुठं उभे असायचात?" काकांनी जागा दाखवली. वहिनी तिथं उभ्या राहिल्या. आत टेबलांवर माणसं वाचत बसली होती. वहिनींनी दारापासून पिंजऱ्यापर्यंत नजर नेली.

"ते तुम्हाला दिसायचे इथून?"

"दिसायचा. हाक झाली की आत जाताना माझ्या खांद्याला हात लावून जायचा."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. काकाही उभे राहिले. मग त्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, जरा पाणी आणा."

आता त्या दर गुरुवारी मागच्या बैठकीला जातात, त्यांच्यासारख्याच चौघीजणींबरोबर. काका त्यांना वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवतात. पाचातल्या दोघींना कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज चढवावा लागतो, आणि वहिनी त्याबद्दल काही म्हणत नाहीत.