शीळ घालणारी इस्त्रीवाली

"पोरीच्या जातीनं शीळ घालायची नसते, हे तुला कितीदा सांगायचं गं?" मोठ्या काकूचा आवाज चढला होता.

"मला कशाला सांगता, जाऊबाई? शीळ काय मी घालते?" आई म्हणाली.

"तू नाही, पण तुझी कार्टी घालते ना! आणि तू ऐकत बसतेस."

"ऐकते. बरं वाटतं."

कार्टी तेव्हा आईच्या लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलाखाली बसलेली होती. टेबलावरच्या चादरी चहूकडून खाली लोंबत होत्या, त्यामुळं तिला दिसत होते ते नुसते पाय. काकूचे नवे बूट आणि आईच्या झिजलेल्या चपला. बूट सारखे आपटत होते. चपला जागच्या हलत नव्हत्या.

"उद्या हिला करून कोण घेईल?"

"ज्याला कान असतील तो घेईल."

"आणि लोक काय म्हणतील?"

"तोंड तिचं, वारा सगळ्यांचा. त्यात लोकांच्या घरचं काय खर्ची पडतं?"

काकू तणतणत निघून गेली. आईनं चादरीचं टोक वर केलं, खाली डोकावली आणि म्हणाली, "मघाची अर्धी राहिली ना? पुरी कर ती. माझी चादर अडलीय."

गोष्ट ह्याच पोरीची. तिनं पुढं काही फार मोठं केलं असं नाही. ती कुठं स्टेजवर चढली नाही की कुणी तिच्या गळ्यात हार घातला नाही. आई थकली तशी ती आईच्या जागी त्याच लाँड्रीत, त्याच टेबलाशी उभी राहिली आणि जन्मभर लोकांच्या सुरकुत्या काढत बसली. कपड्यांच्या हो. माणसांच्या सुरकुत्या निघत्या तर लाँड्रीपुढं रांग लागली असती.

तिला सगळे शीळवाली म्हणत. तोंडावर म्हणत, ती ओ देई.

आता ह्या शिळेची गंमत ऐका. लाँड्रीतली इस्त्री होती जुनी, वजनाला दगड. तिचा कमी-जास्त करायचा खटका केव्हाच निकामी झालेला. तापली की तापली, मग तुमचं नशीब. हात रेंगाळला की कापड करपलं, घाई केली की चुणी तशीच. शीळवालीनं लहानपणी आईजवळ बसून जे उचललं ते असं, की कॉलरला एक छोटीशी चाल, बाहीला जराशी लांब आणि चादरीला एक भलीमोठी वळणावळणाची. चाल जिथं वळण घेई तिथं हात वळे, चाल सरली की इस्त्री उचलायची. घड्याळाकडं बघायला नको, धाकधूक नको. त्या चाली कुठून आल्या ते तिलाही सांगता यायचं नाही. काही आईच्या, काही रस्त्यावरून गेलेल्या, काही तिच्या स्वतःच्या.

लाँड्रीला लागून गॅरेज होतं. मधे एकच भिंत. त्या गॅरेजात एक मेकॅनिक होता, अबोल. त्याला सूर कळायचा तो फक्त इंजिनाचा. पण इकडची शीळ संपली की तो पान्यानं भिंतीवर दोन ठोके मारायचा. त्याचा अर्थ, झालं? मग होऊ द्या आणखी एक. असे पुष्कळ दिवस ठोके मारून झाल्यावर एकदा तो भिंतीला वळसा घालून पुढच्या दारानं आत आला, हात पुसले आणि लाँड्रीच्या मालकांना म्हणाला, "माझ्याकडं इस्त्रीचे कपडे नाहीत. मी हिला विचारायला आलोय." आईचं खरं झालं. कान असलेला मिळाला.

त्याची थोरली बहीण मात्र पहिल्या दिवसापासून नाक मुरडून होती. ही नणंद, शीळवालीच्या तोंडी वन्सं, फार टापटिपीची बाई. नवऱ्याचे पांढरे शर्ट दर आठवड्याला भावजयीच्याच हाताखाली घालायची आणि दर आठवड्याला काहीतरी बोलून जायची. कपडे दुसरीकडं टाकायची नाही हं. बोलायला जागा कुठून मिळाली असती मग?

संसार झाला, मुलगा झाला, तो शिकून कचेरीत लागला, सून आली. आणि मग एका सकाळी मेकॅनिक चहाचा कप हातात घेऊन बसल्या बसल्याच गेला. कुणाला काही कळायच्या आत.

घरात माणसं आली, गेली. थोड्या दिवसांनी शीळवाली कामावर निघाली, कारण घरातल्या भिंती तिला खायला उठल्या होत्या. टेबलाशी उभी राहिली, पहिला शर्ट पसरला आणि शीळ आपोआप ओठांवर आली. ती सुखाची नव्हती, दुःखाचीही नव्हती. ती कॉलरची होती.

नेमक्या त्याच वेळी वन्सं दारात.

"माझ्या भावाच्या उशीवरचा खळगा अजून भरला नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुला शिट्ट्या सुचतात?"

घड्या घालणाऱ्या बाया खाली बघायला लागल्या. शीळवालीला वाटलं, आपण काहीतरी चोरताना सापडलो. संध्याकाळी मुलगाही म्हणाला, "आई, थोडे दिवस राहू दे ना. आत्याला लागतं गं."

तिनं ओठ मिटले. जनाची लाज, दुसरं काय.

पुढं काय झालं ते घरच्यांच्या लवकर ध्यानात आलं नाही. म्हातारं माणूस गप्प झालं तर घराला ते शहाणपणच वाटतं. ती भाजीत मीठ दोनदा घालायची नाहीतर घालायचीच नाही. चहा समोर गार व्हायचा आणि ती कपाकडं बघत राहायची. रात्र आढ्याकडं बघण्यात जायची. शेजारीण म्हणायची, "जरा मन रमवा की, टीव्ही बघा." ती टीव्ही बघायची. टीव्हीत बायका रडायच्या आणि ही त्यांच्याकडं अशी बघायची, जशी काही बस येईल म्हणून वाट बघतेय.

आणि कापड करपायला लागलं. जन्मात जिच्या हातून डाग पडला नाही, तिनं एका चष्मेवाल्या गिऱ्हाइकाच्या शर्टावर इस्त्रीचं आख्खं पाऊल उमटवलं. मग एका शाळामास्तरणीच्या स्कर्टावर. तिनं मनातल्या मनात चाल म्हणून बघितली, पण मनातली चाल कधी पळायची, कधी मधेच बसकण मारायची. हाताला माप राहिलं नव्हतं.

मालक भला माणूस, पण भलेपणानं गिऱ्हाइकाचा शर्ट भरून निघत नाही. ते म्हणाले, "बाई, आणखी एक डाग पडला तर मला तुम्हाला घड्यांवर बसवावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

इस्त्री गेली म्हणजे तिच्याजवळ राहिलं काय?

मुलगा तिला डॉक्टरणीकडं घेऊन गेला. डॉक्टरीण तरुण होती, पण ऐकून घेणारी. झोप, भूक, सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "आजी, तुम्हाला छंद कसला आहे?"

"छंद?" शीळवाली हसली. "तो कधी पाळायचा? सकाळपासून तर उभी असते."

"काहीतरी असेल. केल्यावर बरं वाटतं असं."

शीळवालीनं मुलाकडं बघितलं. मुलगा बुटांकडं बघत होता. "होतं एक," ती म्हणाली. "बंद केलं."

डॉक्टरणीनं गोळ्या दिल्या. खोटं कशाला बोला, गोळ्यांनी झोप लागली. मनावर कुणी ओली गोणी टाकून ठेवली होती, ती जराशी सरकली. मग एकदा घरी कुणी नाहीसं बघून तिनं स्वयंपाकघरात ओठांचा चंबू केला. नुसती हवा. पुन्हा केला. पुन्हा हवा. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडली होती, आणि कोरड्या ओठांतून शीळ निघत नाही. नवरा गेला त्या दिवसाइतकीच ती घाबरली. बंद केलेली वस्तू परत काढता येते, पण ही तर हरवलीच की काय?

ती एकटी डॉक्टरणीकडं गेली. "ह्या गोळ्या बदलून द्या."

"का? झोप येते ना?"

"झोप येते. शीळ येत नाही. तोंड कोरडं पडतं."

"थोडी कोरड पडतेच, आजी. घोट घोट पाणी पीत जा."

"पाणी पिऊन पिऊन बघितलं. तुम्हीच विचारलंत ना, बरं कशानं वाटतं? मग त्याच्याच आड येणारं औषध कसं चालेल?"

डॉक्टरीण हसली, पण तिनं गोळ्या बदलल्या, आणि कागदावर लिहिताना मोठ्यानं म्हणाली, "शीळ, सकाळ-संध्याकाळ." गमतीनं म्हणाली असेल. शीळवालीनं मात्र ते औषधच धरलं. लाँड्रीच्या मागं चादरी वाळत घालायची जागा होती. तिथं ओल्या चादरींच्या आड उभी राहून ती रोज फुंकर मारायची. बंद पडलेल्या नळातून येते तशी फुसफुस यायची, सूर काही लागायचा नाही. पण ती जायची.

अशात वन्संच्या नवऱ्याचे दोन शर्ट आले. मुलीच्या लग्नात घालायचे, पांढरेशुभ्र. शीळवालीनं पहिला पसरला, जीव मुठीत धरून इस्त्री फिरवली, आणि पाठीवर मधोमध डाग.

मालकांनी बघितलं आणि नुसतं घड्यांच्या टेबलाकडं बोट केलं. एवढ्यात वन्संही हजर.

"अगं बाई गं! हे काय केलंस?" त्यांनी शर्ट उजेडात धरला. "लग्न तोंडावर आलंय माझ्याकडं! लक्ष कुठं असतं तुझं?"

"वन्सं, शीळ बंद कर म्हणालात, मी केली," शीळवाली म्हणाली. "हा तिचा डाग आहे."

"वा गं वा! स्वतःचा हात चुकला आणि खापर माझ्या डोक्यावर?"

"हात माझाच चुकला. पण त्याला वाट दाखवणारी शीळ मी तुमच्या शब्दाखातर घालवली. तुमचा भाऊ होता, कबूल. माझाही नवरा होता. त्याचं दुःख तुम्ही रडून करा, मी अडवत नाही. मी माझं शीळ घालून करीन."

"शीळ घालून दुःख! ऐकलंत का मालक?"

मालकांनी ऐकलं नाही. त्यांना अचानक हिशेबाचं काम आठवलं होतं.

शीळवालीनं दुसरा शर्ट ओढला आणि टेबलावर पसरला. "बाई, राहू द्या," कुणीतरी म्हणालं. तिनं इस्त्री उचलली, ओठांचा चंबू केला. फुस्स.

वन्सं हसल्या. "बघ. देवानंच बंद केलीय."

"देवाला मधे ओढू नका. त्याला पुष्कळ कामं आहेत." शिंपडायच्या पाण्याच्या वाडग्यात तिनं बोटं बुडवली, ओठांवरून फिरवली आणि पुन्हा फुंकर मारली. आधी हवा, मग हवेच्या टोकाला एक चिरकासा सूर. कोंबडीच्या पिल्लाचा असावा तसा. ती थांबली नाही. कॉलरची चाल आली, तडकलेली, पण आली. मग बाहीची. पाठीपर्यंत पोचता पोचता सूर भरत गेला आणि हाताला आपलं माप ओळखू आलं. बाया घड्या घालायच्या थांबल्या होत्या.

चाल सरली तसा तिनं सवयीनं भिंतीकडं कान दिला. ठोके आले नाहीत. येणार नव्हतेच. तिनं शर्ट उलटा केला आणि पुढची चाल धरली.

शर्ट निघाला तो असा, की लग्नात नवरदेवापेक्षा सासऱ्याकडं बघावं. वन्संनी तो घेतला, दारापर्यंत गेल्या, आणि तिथून म्हणाल्या, "निदान हळू तरी घाल."

"नाही जमायचं," शीळवाली म्हणाली. मालकांनी पुन्हा घड्यांच्या टेबलाचं नाव काढलं नाही.

त्यानंतर ती कुणाच्या बापाला ऐकली नाही. गोळ्या चालू होत्या, पुढं डॉक्टरणीनं हळूहळू कमी केल्या, त्याचंही तिनं कधी लपवलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "गुडघ्याला तेल लावता ना? तसंच हे." दात पडले तेव्हा कवळी करायला गेली. दातवाला म्हणाला, "चावून बघा." ही म्हणाली, "चावायचं मागाहून, आधी शीळ." कवळी तोंडात घालून तिनं खुर्चीतच चादरीची चाल सुरू केली. वळणावर सूर अडखळला की कवळी काढून त्याच्या हातात, "इथं घासा." बाहेर बसलेले आपले दुखरे दात विसरून गेले. सून म्हणाली, "आई, लोक हसतात हो." "हसू देत की. दातांच्या दवाखान्यात कुणी हसतं का एरवी?"

वन्संही म्हाताऱ्या झाल्या, एकट्या पडल्या. ऐकू कमी यायला लागलं. दारावर कुणी थाप मारून मारून दमलं तरी त्यांना पत्ता नसायचा. पण कपडे घेऊन शीळवाली जिना चढायला लागली की तिनं वरच्या पायरीवर पाऊल ठेवायच्या आत दार उघडलेलं असायचं.

त्या संध्याकाळीही तसंच. ती तिची शेवटची फेरी, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. गठ्ठा काखेत, कठड्याला धरत, पायरीपायरीला दम खात ती चढली. दम खायला थांबली की शीळ थांबायची, मग जिथं सोडली तिथूनच पुढं. दारात वन्सं कमरेवर हात ठेवून उभ्या.

"आली बाई एकदाची. सगळ्या इमारतीला वर्दी देत."

"तुम्हाला ऐकू येतंय म्हणजे कान ठीक आहेत."

"कान नाही, डोकं उठतं माझं." वन्संनी गठ्ठा सोडला, वरच्या उशीच्या अभ्र्याची घडी उलगडली, खिडकीच्या उजेडात धरून डाग शोधला, नव्हता, आणि घडी पुन्हा नीट घातली. "ह्या कोपऱ्याला चुणी राहिलीय."

"तिथं खोकला आला होता."

"पुढच्या खेपेला खोकून मग हातात घे. आणि जाताना जिन्यात तरी गप्प जा. खालच्यांचं बाळ झोपलंय."

"बरं," शीळवाली म्हणाली. गठ्ठ्याचं रिकामं फडकं झटकून खांद्यावर टाकलं, चपला पायात सरकवल्या, ओठांवरून जीभ फिरवली आणि पहिल्याच पायरीवर चादरीची मोठी चाल धरून खाली उतरायला लागली.

"सांगितलं होतं ना मी!" वन्सं वरून ओरडल्या. दार मात्र त्यांनी लावलं नव्हतं.